पाचवं काडतूस

जपानमध्ये रायफल हवी असेल, तर आधी दहा वर्षं साधी छर्ऱ्याची बंदूक सांभाळून दाखवावी लागते. मी दाखवली. आठवडाभर नागोयाच्या कंपनीत गिअरबॉक्सची डिझाइन्स करायची आणि हिवाळ्यातल्या दर रविवारी दोन तास गाडी हाकत डोंगरात रानडुकरांच्या मागे जायचं, असा माझा क्रम. परवान्यासाठी पोलीस घरी येऊन बायकोला विचारतात, नवरा-बायकोत भांडणं होतात का. "होतात, पण मराठीत," असं तिने सांगितलं होतं. तरी त्या बंदुकीचा परवाना मिळाला.

रायफल कुठली घ्यायची हे माझं ठरलेलं होतं. लिव्हरची. दुकानदार बोल्टची पुढे करत होता. तीनशे मीटरवर अचूक, वर दुर्बीण. मी म्हटलं, आमच्या डोंगरात देवदाराची लागवड इतकी दाट आहे की चाळीस पावलांपलीकडचं दिसत नाही, दुर्बिणीतून काय झाडाच्या साली बघत बसू? लिव्हरची रायफल आखूड, हलकी. चापामागची कडी खाली ओढून वर घेतली की पुढची गोळी तयार. काडतुसांचाही काथ्याकूट झाला. फॉर्टीफाइव्ह-सेव्हन्टी अस्वलाला ठीक आहे, पण खांदा काळानिळा करते, आणि धक्क्याच्या धास्तीने माणूस चाप ओढताना डोळे मिटून घेतो. थर्टी-थर्टीचा धक्का बेताचा, आणि शंभर मीटरच्या आत ती डुकराला पुरून उरते. तिच्या गोळीचं टोक चपटं असतं. लिव्हरच्या रायफलीत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. तिथे टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडावर आपटली, तर स्फोट हातातच व्हायचा.

"नवी मागवायची तर वर्ष-दीड वर्ष धरा," दुकानदार म्हणाला. "नाहीतर कुणी म्हातारा सोडेल तेव्हा जुनी."

कुठला म्हातारा, हे मला विचारावं लागलं नाही. आमच्या शिकारी टोळीच्या म्होरक्याकडे नेमकी तीच होती, लिव्हरची, थर्टी-थर्टी. वय अठ्ठ्याहत्तर. डोंगर कसा वाचायचा, डुक्कर कुठल्या घळीतून निघतं, मारलेलं कसं फाडायचं, हे सगळं मला त्याने शिकवलेलं. बायको गेल्यापासून त्याच्या आठवड्यात रविवार सोडून दुसरा वार उरला नव्हता. आणि मी? लग्नाच्या पंगतीत कोण कधी उठतंय म्हणून पाटामागे उभी राहणारी माणसं असतात ना, तसा मी त्याच्या रायफलीमागे उभा होतो.

जानेवारीतल्या एका दुपारी हाकारा संपला. खाली उतरण्याआधी प्रत्येकाने आपली बंदूक रिकामी करून शेजारच्याला दाखवायची, अशी आमची रीत. त्याचा शेजारी मी. त्याने कडी चारदा ओढली, चार काडतुसं बर्फात पडली. "रिकामी," तो म्हणाला. सकाळी त्याने पाच भरलेली मी पाहिली होती, आणि दिवसभरात त्याने एकही बार काढला नव्हता. मी लगेच बोललो नाही. त्याच्या लक्षात येतं का ते मला बघायचं होतं. तो रायफल पिशवीत सारायला लागला, नळीचं तोंड कुत्र्यांकडे.

"पाचवं राहिलंय," मी म्हटलं.

"चारच भरली होती."

"पाच."

त्याने कडी ओढली. पाचवं बाहेर पडलं. त्याने वाकून ते उचललं. मग दहा वर्षांत पहिल्यांदा त्याने माझा हात धरला. "अरे, हे कुणाला सांगू नकोस."

"छे हो. कुणाला सांगणार?"

जूनमध्ये रायफलीच्या अर्जाची चौकशी करायला मी पोलीस ठाण्यात गेलो. म्होरक्याच्या परवान्याचं नूतनीकरणही तेव्हाच होतं. अधिकाऱ्याने चहा दिला आणि सहज विचारलं, "तुमच्या म्होरक्यांमध्ये काही बदल जाणवतो का?" याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं: काही विशेष नाही. टोळीतल्या बाकी तिघांनी तेच दिलं होतं. मी सगळं सांगितलं. चार, मग पाच. नळीचं तोंड. कुत्री. बर्फ किती होता तेसुद्धा.

खोटं एक अक्षर नव्हतं. एखाद दिवशी त्याच्या हातून कुणी मेलंही असतं, हेही खरं. पण मी त्यासाठी बोललो नाही. रायफल कुणाकडून घेणार, हा माझ्या अर्जातला रकाना रिकामा होता.

दोन आठवड्यांत त्याने 'स्वखुशीने' परवाना सोडला. पोलिसांनी तीनदा घरी जाऊन त्याची खुशी तयार केली होती.

रकान्यात त्याचं नाव भरलं, आणि माझी मंजुरी आली तेव्हा त्याने मला दुकानात बोलावलं. सूट घालून आला होता. हस्तांतराच्या कागदांवर सहीच्या जागी सावकाश आपल्या नावाचे शिक्के मारले. मग काउंटरवर ठेवलेल्या रायफलीला हातही न लावता बोलू लागला. "एकशे सत्तर ग्रेन वजनाचीच गोळी घे, मऊ, चपट्या टोकाची. पहिली गोळी जरा डावीकडे जाते. ऐंशी मीटरच्या पुढे मारू नकोस. जखमी डुक्कर मरायला फार वेळ घेतं."

"हो," मी म्हटलं.

"पोलिसांना तू सांगितलंस."

"हो."

"बरोबर केलंस." त्याने शिक्का रुमालाने पुसून डबीत ठेवला. "मला फक्त हा येणारा हिवाळा हवा होता. मार्चमध्ये ही तुलाच द्यायची, असं मी ठरवूनच ठेवलं होतं."

दुकानदार मान खाली घालून काडतुसांची खोकी रचत बसला. म्हातारा उठला, मला वाकून नमस्कार केला आणि गेला.

मला लाज वाटली. पण त्याच्याही आधी मनात आलं ते हे, की मार्चची वाट बघितली असती तर माझा एक अख्खा हंगाम वाया गेला असता.