दादाची टॉर्च

एका सकाळी वहिनीचा फोन आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाली. त्याला आता महिना होईल. शोकसभेत कारखान्याच्या साहेबांनी दादाला 'सुरक्षेचा दीपस्तंभ' म्हटलं. माझा हा चुलतभाऊ बल्ब बदलायलाही स्टुलावर चढत नसे.

बोईसरला कीटकनाशकांच्या कारखान्यात तो प्रयोगशाळा सांभाळायचा, कामगारांचं रक्त तपासायचा. ते विष अंगात गेलं की कोलिनेस्टरेज नावाचं एंझाइम मंदावतं, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. दादा खिशातली टॉर्च डोळ्यावर मारायचा. "बाहेर बस. आज आत नाय जायाचं." सुपरवायझर कुरकुरला की म्हणायचा, "तुमचेपण डोळे बघू काय?" सुपरवायझरला लगेच दुसरं काम आठवायचं.

निवृत्तीनंतर दादाच विसरू लागला. आधी घराकडे वळणारा घिवलीचा फाटा, मग मुलीचं नाव... अल्झायमर. डॉक्टर म्हणाले, आठवणींना लागणारं मेंदूतलं एक रसायन बनवणारं एंझाइम मंदावलंय. उरलंसुरलं रसायन टिकावं म्हणून ते तोडणाऱ्या एंझाइमला गोळीनं आवरायचं. हे तोडणारं म्हणजे तेच, कोलिनेस्टरेज.

मुलीचं नाव विसरलेल्या दादाला हे मात्र पक्कं आठवत होतं. गोळीचं नाव वाचून त्यानं वहिनीचं मनगट धरलं. "ह्यानं एंझाइम उतरतं. मला मारतेस काय?" मीही घाबरलो, कारण तो चुकत नव्हता. फक्त प्रमाण विसरला होता.

गोळी पोटात जाईना, आणि रोज थोडा दादा कमी होत होता. शेवटी मी त्याचीच टॉर्च उचलली. "दादा, गोळीनंतर मी बाहुल्या बघीन. बारीक झाल्या तर तुला बाहेर बसवीन."

"रोज बघशील?"

"रोज."

त्यानं तोंड उघडलं.

गोळीनं विसरणं थांबलं नाही, काही दिवस जरा सावकाश झालं. पुढे मी कोण तेही त्याला कळेना. टॉर्च दिसली की मात्र मान वर करायचा.

ती टॉर्च वहिनीनं मला दिली. गेल्या आठवड्यात बोईसरच्या बाजारात उभा होतो आणि कशाला आलो तेच आठवेना... घरी येऊन आरशासमोर टॉर्च लावली. उजेड पडताच बाहुली नीट आकसली, निरोगी माणसाची आकसते तशी. विसरणं बाहुलीत दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी दुसऱ्या डोळ्यावर उजेड धरला, आणि नकळत मान वर केली.