आजीचं माहेर, माझं कॉलेज

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. घर कासूजवळ, खाडीच्या बाजूला आणि कॉलेज रोह्याला. रोज रेल्वेगाडीने जायचं, वर्गात मागच्या बाकावर बसायचं आणि कुणाशी न बोलता परत यायचं, असं माझं चाललं होतं. हजेरीला दिलेला 'हजर' फक्त मलाच ऐकू यायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी घरी सांगून टाकलं, मला हे जमत नाही, मी कॉलेज सोडते.

आजी भिजवलेले वाल सोलत होती. ती हसायला लागली. तिचं माहेर रोह्याचं. लग्न होऊन आली ती थेट मिठागरावर कामाला लागली. सासरी आपण कितीतरी वर्षं मान खाली घालून काढली, असं ती सांगायची. गावात मात्र यावर कुणाचाच विश्वास नव्हता, कारण तिचा आवाज चार घरं सोडून ऐकू जायचा.

"माहेरात कोण लाजतं गो?" ती म्हणाली. "लाजायला सासर हाय ना."

मी म्हटलं, माहेर तुझं आहे, माझं कुठे? तेवढ्यावरून तिने माझ्याबरोबर यायचं ठरवलं. मी खूप विनवलं. तिने ऐकलं नाही. रात्री बसून तिने पोह्याच्या पापडाचं पीठ कुटलं, त्याच्या लाट्या तेलात बुडवून डब्यात भरल्या आणि सकाळी माझ्या आधी तयार होऊन बसली.

कॉलेजच्या गेटवर तिने शिपायाला त्याची आळी विचारली. मग त्याच्या आजोबांनी तिच्या माहेरच्या झाडाचे आंबे कसे चोरले होते, ते त्याला ऐकवलं. तो हसत आम्हाला वर्गापर्यंत सोडायला आला. मुली दारातच उभ्या होत्या. आजीने डबा उघडून प्रत्येकीच्या हातावर लाटी ठेवली.

"ही माझी नात. मी इथली लेक, म्हणून हीपण इथलीच. ही बोलली नाय तर मला सांगा. मी येऊन हिच्या जागी बसेन."

मी जमिनीकडे बघत उभी होते. परतताना गाडीत मी रागाने खिडकीकडे तोंड करून बसले, आणि ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

दुसऱ्या दिवशी मुलींनी मला हाक मारली. आजी पुन्हा कधी येणार, लाट्यांत काय काय घालतात, असं विचारत होत्या. उत्तरं द्यावीच लागली. ती खरंच येऊन बसेल या धास्तीने मी पुढे सरांच्या प्रश्नांनाही उत्तरं देऊ लागले. काही बरोबर आली असतील.

आजी मागच्या पावसाळ्यात गेली. दिवसकार्य उरकून कॉलेजात गेले तेव्हा मुलींनी विचारलं, इतके दिवस होतीस कुठे? मी सांगायला लागले. तिचं मिठागर, तिची भांडणं, स्टेशनात न थांबणाऱ्या गाडीला तिने एसटीसारखा केलेला हात. मुली हसू दाबत होत्या. मी म्हटलं, हसा, तिला आवडलं असतं.

मग सगळ्याच हसल्या. तासाची घंटा होऊन गेली होती आणि सर दारात उभे राहून ऐकत होते. मला ते दिसले. मिठागरावरच्या मुकादमाची गोष्ट अर्धीच झाली होती, ती मी पूर्ण केली.