नमुना म्हणून वाजवलेला आवाज

"ताट सरळ धर. नारळ घरंगळतोय," सर म्हणाले.

मी सरळ धरलं. शाल, नारळ, गुलाबाचं फूल. गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात कृत्रिम बुद्धिमत्तेवर राष्ट्रीय परिषद होती. विभागातल्या आम्हा मुलींना साडी नेसून यायला सांगितलं होतं. मुलं सूट घालून पुढच्या रांगांत बसली होती.

मी पीएचडी करत होते, आणि त्या दिवशी माझा पहिला शोधनिबंध होता. सर माझे मार्गदर्शक. आदल्या दिवशी ते म्हणाले, तू बुजरी आहेस, निबंध मी मांडतो, तू स्टेजवर असशीलच की ताट घेऊन. मी मान हलवली. इंग्रजी शाळेत मी दोन गोष्टी पक्क्या शिकले होते. मान हलवायची, आणि आईबद्दल कमी बोलायचं.

आई पेठ तालुक्याकडची. आम्ही आदिवासी. तिची बोली शहरातल्या दवाखान्यात कुणाला कळत नाही. अशा बायांचं बोलणं यंत्राला कळावं, हे माझं काम. त्यासाठी पाड्यांवर जाऊन मी बायांचे आवाज घेतले. पहिला आईचा.

"माझं कोन ऐकंल गं?" तिनं विचारलं होतं. मी तिला शब्द दिला की माझ्याशिवाय हा आवाज कुणी वाजवणार नाही.

पडद्यावर सरांचं नाव आलं. माझं नव्हतं. यंत्र कुठं अडखळतं त्याचा नमुना ऐका, असं म्हणून त्यांनी बटण दाबलं. सभागृहभर आईचा आवाज.

"पोटात लय दुखत व्हतं. मी सांगलं, तं नर्सबाई हासली."

सभागृह हसलं. तिच्या हेलाला. सकाळी यंत्रांतल्या भेदभावावर भाषण केलेले पाहुणेही हसले.

"हा कचरा साफ करण्यातच आमचा सगळा वेळ गेला," सर म्हणाले. मग माझ्याकडे हात केला. "ही त्यांच्यातलीच. म्हणून डेटा सहज मिळाला."

पुन्हा हशा.

मी ताट जमिनीवर ठेवलं. लॅपटॉपपाशी गेले. निबंधासाठी सरांना दिलेला माझा पेन ड्राइव्ह उपटला; आईचा तुकडा त्यातच होता. आवाज तुटला.

"सर, ही माझी आई आहे. तुम्हाला हे वाजवायची परवानगी नव्हती."

माझ्यासमोर माइक नव्हता. पहिल्या रांगेला ऐकू गेलं असेल, नसेल. सरांनी आपला माइक हातानं झाकला. हसरा चेहरा तसाच ठेवून म्हणाले, "खाली उतर. तुझी पीएचडी कशी होते ते बघतो."

निवेदिकेनं चहाची सुट्टी जाहीर केली. लोक चहाला गेले. माझ्याजवळ फक्त एक मैत्रीण आली.

"तुझं ताट मी घेऊ का?" तिनं विचारलं.

सरांनी माझं मार्गदर्शन सोडलं. दुसरे कुणी मार्गदर्शक मला घेत नाहीत. निबंध छापून आला, त्यांच्या नावानं.

घरी आई मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं.

"इथंबी हासले?"

"हो."

ती पुन्हा मेथी निवडायला लागली.

सरांकडे आधीच उतरवून घेतलेला तो एकच तुकडा आहे. बाकी बायांचे आवाज माझ्याकडे आहेत. त्यांच्या तोंडच्या होकाराशिवाय त्यातला एक शब्द कुणाला मिळणार नाही. पदवी बहुतेक गेलीच. जाऊ दे. ताट मी पुन्हा हातात धरणार नाही.