शिक्क्याचा मालक

कळंबला आमच्या शेजारी राहणारे पोस्टमास्तर साधं "चहा झाला का?" हेही ओरडूनच विचारत. एकदा अंगणात खड्डा खणताना त्यांना जुना पितळी शिक्का सापडला. त्यावर हत्तीवर चढलेला सिंह होता आणि खाली उलटी अक्षरं. मास्तरांनी तो बायकोनं मळलेल्या कणकेवर दाबला. अक्षरं सुलटी उमटली आणि एक आडनाव वाचता आलं.

"सापडला, सापडला मालक!" म्हणत ते मला ओढतच निघाले.

त्या आडनावाचं गावात एकच घर होतं, गोंड आजीचं. आपल्या घराण्यात राजे होऊन गेले, हत्तीवरचा सिंह हे त्यांचं निशाण, असं ती सांगे आणि लोक हसत.

शिक्का हातात घेऊन तिनं तो पदरानं पुसला. "खरंच आमचा हाये का, मास्तर?"

"तुमचंच नाव हाये त्याच्यावर, आजी!"

आणि मास्तरांनी भर गल्लीत, राजाला करावा तसा, वाकून तिला जोहार केला.