काचेपलीकडच्या बाई

त्यांचं कागदोपत्री नाव काय होतं, ते फक्त पगारपत्रकाला ठाऊक. रेडिओ केंद्रात सगळे त्यांना बटणराव म्हणायचे. काचेच्या अलीकडे ते बटणांच्या रांगेपुढे बसत. काचेपलीकडे माईक, टेबल आणि बातम्या वाचणारं माणूस. मधली काच चांगली जाड होती, म्हणून बोलणं व्हायचं ते हातांनी. तळहात खाली दाबला की हळू वाचा, बोट गोल फिरवलं की आवरतं घ्या, दोन्ही हात रबरासारखे ताणले की वेळ शिल्लक आहे, लांबवा.

त्या काचेपलीकडे एक दिवस बाई येऊन बसल्या. तेव्हा त्यांना कुणी बाई म्हणत नव्हतं. नुकतंच कॉलेज संपवून वार्ताहर म्हणून लागलेली एक मुलगी, एवढीच त्यांची ओळख. नेहमीच्या निवेदकाचा घसा बसला, म्हणून वृत्तसंपादकांनी ऐन वेळी त्यांना आत ढकललं होतं. लाल दिवा लागला आणि बाई जे सुटल्या, ते थांबायचं नाव नाही. बटणराव तळहात दाबून दाबून थकले. बातमीपत्र निम्म्या वेळातच उरकलं आणि उरलेल्या वेळात बासरीची तबकडी लावायची पाळी आली.

दिवा विझल्यावर बाई तावातावाने बाहेर आल्या. "तुम्ही मला मघापासून खाली बस, खाली बस करत होतात. मी बसलेलेच होते की!"

बटणरावांना हसू आवरेना. वृत्तसंपादकांना मात्र अजिबात हसू येत नव्हतं.

वाचायचं कसं ते बाई हळूहळू शिकल्या, पण त्यांचा जीव खरा रमायचा तो बाहेर. खांद्याला जड टेपरेकॉर्डर अडकवून बाजार, कोर्ट, सरकारी दवाखाना असं सगळीकडे त्या भटकायच्या. परत आल्या की बटणरावांच्या शेजारी स्टूल ओढून बसायच्या आणि मग दोघांची जुंपायची. एकदा कापड गिरणी बंद पडली. बाईंनी एका जुन्या कामगाराला विचारलं होतं, "उद्या सकाळी काय करणार?" त्यावर तो माणूस बराच वेळ काही बोललाच नाही. शेवटी म्हणाला, "उठेन तर खरा."

बटणरावांनी टेपमधली ती शांतता कापून काढायला ब्लेड उचललं.

"ते कापू नका."

"अहो बाई, रेडिओवर एवढी शांतता म्हणजे लोकांना वाटतं मशीन बिघडलं."

"वाटू दे. माणूस गप्प बसलाय, तेही ऐकू दे लोकांना."

बटणरावांनी ब्लेड खाली ठेवलं. बातमी लागली तेव्हा वृत्तसंपादक धावत आले, काय बंद पडलं म्हणून. पण दुसऱ्या दिवशी केंद्राचा फोन दिवसभर खणखणत राहिला. लोक त्या कामगाराची चौकशी करत होते. कुणाला त्याच्याशी बोलायचं होतं, कुणी त्याच्यासाठी काम बघतो म्हणत होतं. त्या दिवसापासून वृत्तसंपादकही त्यांना बाई म्हणायला लागले.

बटणरावांनी लग्नाचं विचारलं ते केंद्राच्या जिन्यात. मनात चार वाक्यं जुळवून ठेवली होती, ऐन वेळी एकच बाहेर पडलं. "तुमचा आवाज ऐकायची सवय झालीय. सुट्टीच्या दिवशी फार पंचाईत होते."

"मग सुट्टीच्या दिवशीही ऐकत जा," बाई म्हणाल्या आणि बातमी गाठायला दोन-दोन पायऱ्या उतरत निघून गेल्या. होकार मिळाला, हे बटणरावांना डबा खाताना कळलं.

लग्नानंतर दोघं एकमेकांना घरी 'तू' म्हणू लागले, चारचौघांत 'अहो-जाहो' तसंच राहिलं. नातेवाइकांकडे गेलं की बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. बटणराव टेबलाखाली हळूच बोट गोल फिरवायचे. बाईंना ते बरोबर दिसायचं. "थांबा हो, अजून मुख्य बातमी यायचीय," असं सगळ्यांदेखत म्हणून त्या पुढे चालू.

मग टीव्ही आला. नव्या वाहिनीने बाईंना बोलावलं आणि इतर वेळी कुणाला न घाबरणाऱ्या बाई आरशापुढे जाऊन उभ्या राहिल्या. दात जरा पुढे होते. ते आजवर कुणाला ऐकू आले नव्हते, आता दिसणार होते. आढेवेढे सुरू झाले. बटणरावांची आई जवळच बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "बातम्या दात वाचणार आहेत का? तू वाचणार आहेस ना? मग जा की."

बाई गेल्या, आणि लोकांनी त्यांना अगदी डोक्यावर घेतलं. निवडणूक असो, आग असो, संप असो, गर्दीत माईक धरून उभ्या असलेल्या बाई म्हणजे घरचंच माणूस झालं. बटणराव रेडिओतच राहिले. संध्याकाळचं बातमीपत्र मात्र ते कधी चुकवत नसत, फक्त डोळे मिटून ऐकत. "अरे, बायको टीव्हीवर आलीय, डोळे तरी उघड!" आई ओरडायची. पण बाईंना सर्दी झालीय, बाई आज चिडल्यात, बाईंचं जेवण राहिलंय, हे सगळं त्यांना आवाजातच दिसायचं. एकदा बाईंच्या मागे मागे पिशव्या घेऊन चाललेल्या बटणरावांना भाजीवाल्याने हळूच विचारलं, "तुम्ही बाईंचे ड्रायव्हर का?"

"हो," बटणराव म्हणाले, "पण गाडी नाहीये आमच्याकडे."

अशी बरीच वर्षं गेली. आई गेली, दोघांचे केस पांढरे झाले. वाहिनीत नवे प्रमुख आले. त्यांना बातमी हवी होती ती चढ्या आवाजात. "जरा चढवा मॅडम, जरा चढवा," ते बाईंना सांगायचे. बाईंना ते जमेना, म्हणण्यापेक्षा त्यांनी ते जमवलंच नाही. मग एके दिवशी संध्याकाळचं बातमीपत्र दुसऱ्या कुणाकडे गेलं आणि बाईंना सल्लागार करण्यात आलं. स्वतंत्र खोली मिळाली. सल्ला घ्यायला मात्र तिकडे कुणी फिरकत नसे.

घरी बाई गप्प झाल्या. बटणरावांना हे नवीन होतं. इतकी वर्षं त्यांनी आवरतं घ्यायच्या खुणा केल्या होत्या. बोलतं करायचं कसं, ते त्यांना माहीत नव्हतं. ते चहा करून समोर ठेवायचे आणि बसून राहायचे. असंच एकदा बसले असताना बाई म्हणाल्या, "मला म्हणाले, तुमच्या अनुभवाचा उपयोग पडद्यामागे होईल. पडद्यामागे भिंत आहे रे, दुसरं काही नाही."

त्याच वर्षी ते वादळ आलं. उजाडतानाच वाऱ्याने झाडं आणि विजेचे खांब आडवे केले. शहराची वीज गेली, मोबाइल मुके झाले, टीव्ही सगळीकडे बंद पडले. रेडिओ केंद्रात एक जुनाट जनरेटर होता. तो फक्त बटणरावांचं ऐकायचा, त्यामुळे ते लगोलग तिथे पोचले होते. जनरेटर सुरू झाला, पण वाचणार कोण? निवेदक पुलाच्या पलीकडे अडकलेला. नवे वृत्तसंपादक हुशार होते, पण माईक दिसला की त्यांची बोलती बंद व्हायची.

तेवढ्यात दार ढकलून बाई आत आल्या. नखशिखांत भिजलेल्या, एक चप्पल पायात, एक हातात.

"तू कशी आलीस?" सगळ्यांदेखत बटणरावांच्या तोंडून 'तू' गेलं.

"चालत. माईक चालू आहे का?"

बाई बसल्या. कुठला रस्ता बंद, कुठल्या शाळेत आसरा, पिण्याचं पाणी कुठे, हे त्या सांगत राहिल्या. लोक केंद्राच्या फाटकाशी येऊन निरोप देऊ लागले: आजी शाळेत सुखरूप आहे, भाऊ दवाखान्यात आहे. बाई ते वाचत गेल्या. दुपारी एक माणूस धापा टाकत आला. तलावाची भिंत फुटली म्हणाला. संपादक घाईघाईने बाईंना म्हणाले, "सांगा, लगेच सांगा!"

बाईंनी माईक बंद करायला लावला. "भिंत फुटलेली तुम्ही पाहिलीत?"

"नाही, पण सगळे पळतायत..."

"पळणारे आहेतच. भिंत कुणी पाहिलीय?"

केंद्राचा जुना फोन अजून जिवंत होता. बाईंनी तलावाच्या चौकीत फोन लावला. तिथला पाणीखात्याचा अभियंता भिंतीजवळच उभा होता. भिंत शाबूत होती. पाणी सोडायची दारं उघडल्यामुळे आवाज होत होता, एवढंच. बाईंनी माईक पुन्हा सुरू करायला लावून रिसीव्हर थेट त्याला लावला. "हे तुम्हीच सांगा, साहेब. तुमच्या आवाजात." अभियंता चाचरत बोलला, पण बोलला. ज्यांच्याकडे बॅटरीवरचे रेडिओ होते, त्यांनी खिडकीत ठेवून आवाज मोठा केला. रस्त्यावर पोरंबाळं काखोटीला मारून निघालेले लोक थबकले आणि परत फिरले.

बाई संथ वाचत होत्या, एकेक नाव नीट. काचेअलीकडे बटणरावांना हातांनी करायला काही उरलंच नव्हतं. हात मांडीवर ठेवून ते नुसते ऐकत बसले. डोळे भरून आले तेव्हा जनरेटर बघायच्या निमित्ताने उठले.

वीज परत आल्यावर वाहिनीने बाईंना सन्मानाने बोलावलं. वादळावरचा कार्यक्रम त्यांनी झकास केला. संपल्यावर प्रमुखांच्या खोलीत जाऊन नोकरी सोडून रेडिओवर परत जात असल्याचं सांगितलं.

"मॅडम, रेडिओ आता कोण ऐकतं?"

"वीज गेली की सगळे," बाई म्हणाल्या.

सकाळचं स्थानिक बातमीपत्र त्यांना मिळालं. बटणरावांचं निवृत्तीआधीचं शेवटचं वर्ष दोघं परत काचेच्या दोन बाजूंना बसले आणि काय कापायचं, काय नाही यावरून पहिल्यासारखे भांडले. मग बटणराव घरी बसले. त्यांच्या खुर्चीत संगणकवाली एक चुणचुणीत मुलगी आली. बाई तिचं कौतुक करायला लागल्या की ते पेपर वर धरतात.

परवा सकाळी फिरायला गेलेल्या बटणरावांनी बघितलं, तर चौकात पाण्याचा मोठा नळ फुटलेला. त्यांनी लगेच केंद्रात फोन केला. बाईंनी नळ रस्त्याच्या कोणत्या बाजूचा, दुरुस्तीवाले आले का, सगळं खोदून खोदून विचारलं आणि बातमी दिली. 'आमच्या एका श्रोत्याने कळवल्यानुसार' असं म्हणाल्या.

दुपारी जेवताना बटणराव फुरंगटून बसले होते. "श्रोता काय? नवरा म्हणायला काय झालं होतं?"

"बातमीत नातं लावायचं नसतं," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या पानात वाढलं.

संध्याकाळपर्यंत बटणरावांनी अख्ख्या इमारतीला सांगून टाकलं होतं की नळाची बातमी त्यांची होती.