दुसरी झोळी

"काका, पांढऱ्या झोळीला तुम्ही हात लावू नका."

मॅडमनी हे हळू आवाजात सांगितले नाही. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर गावातल्या बाया लेकरे घेऊन बसल्या होत्या. सगळ्यांनी ऐकले. सरपंचाच्या आईने पदराआड हसू दाबले. मी हात मागे घेतला.

लातूरच्या एका आरोग्य संस्थेत मी या मॅडमच्या हाताखाली नोकरीला होतो. औसा तालुक्यातल्या त्या गावात महिन्यातून एकदा लहान मुलांची वजने घ्यायची. तुळईला काटा टांगायचा, त्याच्या आकड्याला कापडी झोळी अडकवायची, झोळीत लेकरू ठेवायचे. झोळ्या दोन होत्या. पांढरी गावासाठी. निळी वस्तीसाठी, आणि तीही गाव उरकल्यावर. जातीचे नाव कोणी घेत नसे. शब्द होता 'संसर्ग'. माझा जन्म अशाच वस्तीतला, म्हणून निळी झोळी माझ्याकडे. लोखंडी काटा मात्र मीच टांगायचा. लोखंडाला संसर्ग होत नसावा.

त्या महिन्यात उन्हाचे कारण सांगून वस्तीची वजने घेतलीच नाहीत. पुढच्या महिन्यात गेलो, तेव्हा निळी झोळी गाडीत नव्हती. ती लातूरच्या कार्यालयात राहिली होती.

वस्तीतल्या बाया सकाळपासून ओसरीखाली, उन्हात. त्यांत शेषाबाई होती. तिची सून बाळंतपणात गेली. नात हिच्या पदरात. शेळीच्या दुधावर वाढवत होती. लेकरू रडत नव्हते. मला तेच वाईट दिसले.

"सायेब, सकाळधरून दूध घेईना झालीय. आधी हिला बघा की."

मी मॅडमना सांगितले. त्यांनी घड्याळ पाहिले. "झोळी नाही ना आणलेली? मग यांची पुढच्या महिन्यात घेऊ."

पांढरी झोळी आकड्याला रिकामी लोंबत होती. गावातली वजने संपली होती. सरपंचाच्या घरचे एक लेकरू तेवढे राहिले होते.

मी ओसरीवरून उतरलो. शेषाबाईच्या हातून नात घेतली. ओसरी चढलो आणि तिला पांढऱ्या झोळीत ठेवले.

काटा जेमतेम हलला.

मग सरपंचाची आई उठली. नातू कडेवर घट्ट धरून म्हणाली, "आता आमच्या लेकराला ह्याच्यात घालू व्हय? जाळा ती झोळी!"

मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्हाला शिस्त कळत नाही का?"

"कळते," मी म्हणालो. "म्हणूनच आज मोडली. गाडी लातूरला न्यायची आहे. आत्ता."

त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिले. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिले आणि गाडी काढली.

औसा मागे पडले. शेषाबाईने नातीच्या तोंडावरचा पदर बाजूला केला. पाहिले. पुन्हा झाकला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आणायला उशीर केलात."

उशीर कोणी केला, हे त्यांनी विचारले नाही.

चार दिवसांनी कार्यालयात बोलावणे आले. माफी लिहून द्यायची. संस्थेने गावाचा विश्वास गमावला होता म्हणे. गेलेल्या लेकराबद्दल अवाक्षर नाही. मी लिहून दिले ते एवढेच, की उद्यापासून येणार नाही.

नोकरी सुटली. काम सुटले नाही. वस्तीतल्या बायांना घेऊन औशाला जातो, लातूरला जातो. तक्रार घेऊन सरकारी साहेबांच्या दारात बसतो. आत बोलावतात तेव्हा चहा देतात. संस्था चांगले काम करते, असे समजावतात. बाया चहाला शिवत नाहीत. ते त्यांचे त्यांनी ठरवले आहे.

आज सकाळी शेषाबाई दारात उभी राहिली. वस्तीतली दुसरी एक पोर तशीच गप्प झाली होती. संस्था पुन्हा गावात येऊ लागली आहे, हे तिनेच सांगितले.

"झोळ्या?" मी विचारले.

"दोनच हायेत. रंग तेवढा बदललाय."

"पोर रडते का?"

"न्हाई."

परवा वजनाचा दिवस आहे. शेषाबाई येणार आहे, वस्ती येणार आहे. पोर तोवर थांबणार नाही. तिला आजच लातूरला नेतो आहे. पण परवा मी त्या ओसरीवर असेन. दुसरी झोळी आकड्याला लागणार नाही. जी लागेल ती माझ्या हाताने लागेल, आणि तिच्यात पहिले लेकरू वस्तीतले असेल.