करडाचं जावळ आणि माझी कात्री

परवा दुपारी नात मेकअपचे ब्रश धुऊन बसली होती. एका ब्रशचे केस पिंजारलेले दिसले म्हणून तिनं कात्री उचलली आणि मी ओरडलेच... "ठेव ती खाली!"

पोर दचकली. आता नव्वदी उलटलेल्या बाईनं एवढ्याशा ब्रशसाठी का ओरडावं? तिला जे सांगितलं तेच इथं लिहितेय.

आम्ही माधवनगरला राहायचो. माझे वडील, तात्या, कापडगिरणीत होते आणि दिवाळीत कामगारांचं नाटक व्हायचं त्याची रंगभूषा त्यांच्याकडे असायची. मी बारा-तेरा वर्षांची असेन. लढाई नुकतीच संपली होती आणि साताऱ्याकडची मंडळी पलटणीतून घरी येऊ लागली होती.

त्यातलाच एक सोपानदादा. भरती होण्याआधी तो आमच्याच गिरणीत होता आणि नाटकात नायिका व्हायचा. लय देखणा... त्याची पदर घ्यायची ढब बघायला बायका यायच्या! परत आला तेव्हा डाव्या गालावर भाजल्याचा मोठा व्रण होता. भर उन्हातही तो मफलर गुंडाळून हिंडायचा.

पुन्हा नाटकात उभा राहा म्हणून तात्या त्याच्या मागेच लागले. शेवटी तो म्हणाला, "एकदाच रंगवून बघू, तात्या. न्हाई जमलं तर पुन्यांदा माझ्याम्होरं नाटकाचं नाव काडायचं न्हाई."

आता कुंचल्याबद्दल सांगते. गालाला पावडर लावायचा तात्यांचा कुंचला शेळीच्या केसांचा, दोऱ्यानं बांधून बांबूच्या नळीत लाखेनं बसवलेला. रिठ्याच्या पाण्यात धुवायचा आणि सावलीत आडवा ठेवून वाळवायचा. उभा ठेवला तर पाणी मुळात उतरतं आणि आतला दोरा कुजतो. हे काम माझ्याकडे होतं आणि त्याचा मला केवढा तोरा!

सोपानदादाला रंगवायच्या दिवशी मी कुंचला आणखी मन लावून धुतला. टोकं खालीवर दिसत होती... घेतली कात्री आणि केली सारखी. काय सुरेख दिसायला लागला!

तात्यांनी आधी बोटानं अलगद रंग लावला, मग पावडरीचा कुंचला गालावरून फिरवला. दादा चटका बसल्यासारखा मागे सरला. पुन्हा फिरवला तर त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यानं तोंड पुसलं, मफलर गुंडाळला आणि निघून गेला.

"कुंचला जुना झाला असंल," तात्या म्हणाले.

पण मला एक कोडं सुटेना. केस तेच, शेळी तीच... मग कालपर्यंत मऊ असलेला कुंचला आज टोचतो का? मनगटावर फिरवून पाहिला, पापणीवर फिरवून पाहिला. खरंच टोचत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंचला पदरात लपवून मी दादाला शोधत गेले. तो गावाबाहेर बांधावर एकटाच बसला होता. शेजारच्या वावरात धनगरांची शेरडं-मेंढरं बसली होती. मी त्याच्यासमोर कुंचला धरला आणि रडत रडत सांगून टाकलं, "दादा, म्या कापलं. नीट दिसावं म्हनून."

त्यानं कुंचला हातात घेतला आणि म्हणाला, "नीट दिसावं म्हनून व्हय... मग तुज्यावर कसा रागावू? मी तरी मफलर कशापायी गुंडाळतोय?"

आमचं बोलणं ऐकून एक धनगरीण जवळ आली. तिनं कुंचल्याची टोकं बोटावर दाबून पाहिली. "आगं पोरी, जुंधळा कापल्यावर वावरात अनवानी चालून बघ. धसकटं टोचत्यात का न्हाई? केसाचं बी तसंच हाय. आपसूक वाडल्यालं टोक बारीक असतंय. ते एकदा कापलं की झालं धसकाट."

"मग आता, मावशी?"

"करडाचं घ्यायचं. कवाच कात्री न लागल्यालं. त्याचं जावळच म्हन की!" मग दादाकडे बघून हसली. "पर जावळ काडायचं तर मामाची मांडी लागती. मामा कुठनं आनू?"

सोपानदादा तिथंच मांडी घालून बसला. "आवं, मी हाय की."

चार-पाच महिन्यांचं काळं करडू त्याच्या मांडीवर आलं. मावशीनं मानेवरच्या केसांची बट आधी दोऱ्यानं बांधली, मग मुळाशी कापली, म्हणजे टोकं सगळी एकीकडे राहतात. करडू धडपडलं आणि त्याच्या पायात अडकून मफलर सुटला. दादानं तो उचलला नाही. दोन्ही हात करडाला धरण्यात गुंतले होते म्हणून असेल... किंवा नसेलही.

तात्यांना मी सगळं कबूल केलं. रागावले, पण लाख तापवायला लगेच बसले. चौथ्या दिवशी नवा कुंचला गालावरून फिरला आणि दादा हलला नाही. "चालू द्या," एवढंच म्हणाला.

नात मध्येच म्हणाली, "मग डाग झाकला गेला?"

नाही गं. नाटकाच्या रात्री पहिल्या रांगेतल्यांना डाग चांगलाच दिसत होता. पण तो पदर सावरत आला आणि मंडपात अशी काही शिट्टी-टाळी झाली की बस्स! मध्यंतरात तात्यांनी आरसा पुढे केला तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, बरा दिसत आसंन."

नाटक संपल्यावर कुंचला त्यानं स्वतः धुतला आणि वाळायला मफलरवर आडवा ठेवला. दुसऱ्या दिवशी कुंचला माझ्या हातात दिला. मफलर तिथंच राहिला... न्यायला तो कधी आलाच नाही.